६०० व्हीएचा यूपीएस : बॅकअपपेक्षा व्होल्टेजसाठी घ्यावा

आमचे घर वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असून त्याच डीपीवर शेतीपंपही आहेत, त्यामुळे पंप सुरू होताच २३० व्होल्टचा दाब १७० च्या आसपास उतरतो. अशा ठिकाणी घरच्या संगणकासाठी घेतलेला ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (म्हणजे दाब स्वतःच सावरणारा) यूपीएस वीज गेल्यावर किती मिनिटे चालतो, एवढ्यावरून जोखणे मला अपुरे वाटते. वीज असताना तो काय करतो, हे अधिक महत्त्वाचे.

या यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर रिलेच्या (आपोआप चालू-बंद होणाऱ्या विद्युत स्विचच्या) साहाय्याने उतरलेला दाब वाढवतो व चढलेला कमी करतो, आणि साधारण १४५ ते २९० व्होल्टच्या पट्ट्यात हे काम बॅटरीला हात न लावता होते. संध्याकाळी त्याची टक्-टक् ऐकू येते. तो बिघाड नव्हे. साध्या ऑफलाइन यूपीएसमध्ये ही सोय नसल्याने दाब बराच उतरला की तो बॅटरीवर जातो, आणि वीज असूनही बॅटरी झिजत राहते. स्पाइक बस्टर तर कमी दाबावर काहीच करत नाही.

बॅकअपबाबत मात्र अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. खोक्यावर ६०० व्हीए ठळक छापलेले असते, पण प्रत्यक्ष पेलता येणारा भार, ३६० वॅट, बारीक अक्षरांत. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आहे. मॉनिटरसह सव्वाशे वॅट ओढणाऱ्या संगणकाला ती नवी असताना दहा-पंधरा मिनिटे पुरते, म्हणजे काम सेव्ह करून संगणक नीट बंद करण्याइतकी. लेझर प्रिंटर यावर कधीही जोडू नये, कारण त्याचा फ्यूजर (कागदावर शाई पक्की करणारा तापणारा भाग) तापताना एकदम मोठा भार पडतो.

बॅटरीवर चालताना बाहेर पडणारी वीज शुद्ध साइन वेव्ह (वाहिनीच्या विजेसारखी गुळगुळीत लाट) नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. सर्वसाधारण एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) ती निमूट स्वीकारतो. परंतु ॲक्टिव्ह पीएफसी (वीज अधिक कार्यक्षमतेने ओढणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस नेमके वीज जाण्याच्या क्षणी संगणक रीस्टार्ट करतात. तशा संगणकासाठी जास्त पैसे मोजून शुद्ध साइन वेव्हचाच यूपीएस घ्यावा.

विजेच्या खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर घरात ३०० व्होल्टच्या वर दाब चढू शकतो आणि तेव्हा यूपीएस स्वतःच जळण्याची शक्यता असते. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय. ब्रॉडबँडची तार तांब्याची असल्यास तीही काढावी. घरातले अर्थिंग नीट नसेल, तर यूपीएसमधल्या सर्ज (दाबाच्या क्षणिक उसळीपासूनच्या) संरक्षणाचा उपयोगही अर्धवटच होतो, हे दुकानदार क्वचितच सांगतात.

बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. दुकानात चार्ज न होता पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी वापराआधीच दुबळी होत असल्याने, खरेदी करताना खोक्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी आणि ती वर्षभरापूर्वीची असेल तर दुसरा नग मागावा.