इतवारीतील भंगार दुकान: पारख खरी, वजन चोख
उन्हाळा सरल्यावर कूलरची जळालेली मोटार आणि जुना मिक्सर घेऊन मी इतवारीतील एका भंगार दुकानात गेलो. दुकानदारांनी कूलरच्या मोटारीतील वाइंडिंगची तार पात्याने खरवडली. तांबूस वार्निशखाली पांढरी चमक दिसताच ती तांब्याची नसून ॲल्युमिनियमची आहे, हे त्यांनी मला जवळून दाखवले. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आणि भावानेही बरेच महाग असल्याने ही पारख महत्त्वाची ठरते. मिक्सरमधील तांबे मात्र अस्सल निघाले. लोखंडी पट्ट्या वेगळ्या करून त्यांनी ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर माझ्यासमोर तोलले. तार जाळून तांबे काढण्याची घातक पद्धत ते वापरत नाहीत, याचे मला मनापासून समाधान वाटले. पावती तेवढी मागून घ्यावी लागली.