जॅझ बेसच्या नावाखाली ४८,५०० रुपयांना गंडवलं

मेक्सिकोत बनलेला फेंडर कंपनीचा जॅझ बेस (बेस गिटार) म्हणून माझ्या गळ्यात मारला तो निघाला स्क्वायर, म्हणजे फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड. हेडस्टॉक, म्हणजे गिटारचं वरचं टोक, घासून त्यावर दुसरा लोगो चिकटवलेला. टोकन ५,००० यूपीआयने, घेताना ३०,००० यूपीआयने आणि १३,५०० रोख. रोखीचा पुरावा नाही, त्यामुळे तक्रारीत ३५,०००च धरतात. यूपीआयचं लिमिट संपलं असं समोरच्यानं सांगितलं, तर उद्या या म्हणा. रोख देऊ नका.

"बँड सोडून राहिलो, म्हणून काढतो भाऊ" ही कहाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. पण नागपुरात बेस वाजवणाऱ्यापुढे पर्याय किती असतात? बर्डीपासून सदरपर्यंत दुकानं फिरा, भिंतभर अकूस्टिक गिटारी आणि कोपऱ्यात एखादा नवशिक्यांचा बेस. चांगला नवा घ्यायचा तर लाखाच्या घरात जातो. आणि त्यानं भाव असा लावला की संशय यावा इतका स्वस्त नाही. १५,००० मागितले असते, तर कुणीही पळाला असता. ५५,००० सांगून ४८,५०० वर आला, हीच त्याची चलाखी.

आधी व्हिडिओ पाठवले होते. त्यांवर विसंबू नका. बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनच्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. आपण ऐकतो ते वरचे सूर, त्यावरून पिकअपची (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळीची) पारख होत नाही.

आता ज्या क्षणी उठून यायला हवं होतं, तो क्षण. जॅझ बेसला दोन पिकअप असतात, दोघांना वेगवेगळे व्हॉल्यूम. एकच उघडला तर घरघर येते, ते साहजिक आहे. पण दोन्ही पूर्ण उघडले की घरघर जवळजवळ थांबते, कारण दुसऱ्या पिकअपची गुंडाळी आणि चुंबकाचे ध्रुव पहिल्याच्या उलट असतात. हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. मी दोन्ही नॉब पूर्ण फिरवले. घरघर तशीच. "बिल्डिंगची अर्थिंग खराब आहे", तो म्हणाला. मी बेस अंगासोबत वळवला तशी घरघर कमी-जास्त झाली. म्हणजे आवाज पिकअप पकडत होते, अर्थिंगचा दोष नव्हता. हे सगळं कानांनी ऐकूनही मी मान डोलावली. रात्री झोप लागत नाही ती यासाठी.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या (तारांखालच्या लांब दांड्याच्या) आत चावीने कसायच्या सळईला, हात लावू दिला नाही, "सेटअप बिघडेल" म्हणे. जो चावी लावू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी हवा आणि जुलैत ओल, नेक दर मोसमात हलतो. चालू ट्रस रॉड नसेल, तर तो बेस इथे टिकणार नाही. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरचे धातूचे आडवे कंगोरे) दाबून आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा, साधारण ०.३ मिलिमीटर हवी. मग पाव वळण फिरवून फरक पडतो का ते पाहा. माझ्या बेसची चावी नुसती गरगर फिरते.

पट्टी खिशात ठेवा. जॅझ बेसची बॉडी पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. हा ४० भरला. सीरियल नंबर एमएक्सने सुरू होत होता, पुढचे दोन आकडे सालाचे, सगळं बरोबर. पण नंबर इंटरनेटवर शोधला तर तोच आणखी दोन जाहिरातींत. पैसे देण्याआधी शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. नेकचे चार स्क्रू खोलायला लावा, आतला शिक्का बघा. मी हे नंतर कारागिराकडे केलं. १,२०० रुपये त्याचे. त्यानं किंमत सांगितली ९,०००, तीही ट्रस रॉड दुरुस्त झाला तर.

आणि मग तक्रार. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तुम्ही स्वतः जाऊन पैसे दिले, वस्तूही मिळाली, मग हे सायबरमध्ये येत नाही. पोलीस ठाण्यात गेलो. "गिटार भेटला ना तुम्हाले? मग फसवणूक कुठं झाली?" दुसऱ्या खेपेला, दिवाणी प्रकरण आहे, वकील पाहा. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देईनात. ग्राहक आयोगाचं विचारलं, तर विकणारा व्यापारी नाही म्हणून तिथेही दार बंद. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? खोटं सांगून पैसे काढणं गुन्हा आहे, हातात काहीतरी दिलं म्हणून तो गुन्हा धुतला जात नाही. बनावट ट्रेडमार्कचं म्हटलं, तर त्या कायद्यात झडती-जप्तीला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, आणि इथे हवालदार मान वर करत नाही. पोच मिळाल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवला नाही, तर आयुक्तालयात लेखी तक्रार स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. माझी पाठवून १९ दिवस झाले.

परवा तोच सीरियल नंबर पुन्हा जाहिरातीत दिसला. सनबर्स्ट रंग, कासवी पिकगार्ड, ठिकाण मानेवाडा, किंमत ५२,०००.