स्पेनच्या यादवीतल्या गावनोटा: संच घेताना अशी होते फसवणूक

जुलै 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. बाजारात सुटे मिळेनात. मग प्रजासत्ताकाच्या बाजूच्या मुलखात, विशेषतः ईशान्येकडच्या कातालोनिया प्रांतात, गावोगावच्या नगरपालिकांनी 25 आणि 50 सेंतिमो, 1 पेसेता (तेव्हाचं स्पॅनिश चलन; 100 सेंतिमोंचा एक पेसेता) अशा नोटा स्वतःच काढल्या. आज याच नोटांच्या नावाखाली नवख्या संग्राहकांना सर्रास गंडवलं जातं.

दहा नोटांचा ‘संच’ विकायला येतो. आठ खऱ्या, सहज मिळणाऱ्या. उरलेल्या दोन कुठल्याशा खेड्यांच्या, ‘अतिदुर्मिळ’, आणि संचाची सगळी किंमत त्या दोन नोटांवरच लावलेली. आठ खऱ्या बघून माणूस निर्धास्त होतो. नोटा प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद असतात आणि ‘पाकीट उघडलं तर माल परत नाही’ अशी अट असते. ही अट दिसली की व्यवहार तिथेच सोडा.

पैसे गेलेच असतील, तर आधी 10 पटीचं भिंग घ्या. खिळ्यांच्या (धातूची अक्षरं जुळवून केलेल्या) छपाईत शाई सलग बसते, अक्षराच्या कडेला जरा दाट होते, मागून हलका दाब जाणवतो. काही नोटा लिथोच्या, म्हणजे सपाट पृष्ठावरून छापलेल्या आहेत, त्यांत दाब नसतो. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. नगरपालिकेचा रबरी शिक्का असेल तर तो बघा. खऱ्या नोटेवर तो छपाईच्या वर, वेगळ्या शाईत उठलेला असतो. नकलेत नक्षी, क्रमांक, शिक्का सगळं एकाच जातीच्या बारीक रंगीत ठिपक्यांचं निघतं.

नंतर अंधारात युव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारा. त्या काळच्या कागदात चमक आणणारी रसायनं नव्हती. निळसर पांढरा लखलखाट झाला तर कागद बहुतेक नंतरचा. मात्र कपड्यांच्या साबणाने धुतलेली खरी नोटही चमकू शकते. चहात बुडवून जुनी केलेली नोट अनेकदा घडीवर पकडली जाते: खऱ्या घडीत तंतू उसवून शाई तुटते, नकलेत रंग घडीवरूनही अखंड जातो.

1938 मध्ये प्रजासत्ताक सरकारने सुट्या नाण्यांऐवजी काढलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्यांतही अशीच फसवणूक होते. एका बाजूला प्रजासत्ताकाचं चिन्ह, दुसरीवर चिकटवलेलं तिकीट. कोरी चकती मिळवून त्यावर जुनं तिकीट डकवतात. तिकिटावर टपालाचा शिक्का असेल तर घेऊ नका.

पैसे देण्याआधी पाकिटाबाहेर काढलेल्या नोटेचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि तिरक्या उजेडातला व्हिडिओ मागा. परतीची मुदत लेखी घ्या.