त्रिमितीय ख्रिसमस कार्ड: पॉप-अप, पंख्याचं झाड की फोमचे थर?

नाताळसाठी हाताने कार्ड करायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, यातलं सुंदर कोणतं दिसेल? उघडल्यावर सगळीच देखणी दिसतात हो. खरा फरक पडतो तो बंद करून पाकिटात घातल्यावर. म्हणून कार्ड मिटल्यावर किती जाड होतं आणि ते हातोहात द्यायचंय की टपालाने पाठवायचंय, हे आधी ठरवा. पद्धत त्यावरून निवडणं सोपं जातं.

पहिली पद्धत पॉप-अपची. कार्डशीट मधोमध दुमडायचं, घडीच्या कडेपासून आत, एकमेकींना समांतर चिरा द्यायच्या आणि मधल्या पट्ट्या आत ढकलायच्या. खालच्या चिरा लांब ठेवून वर जाताना आखूड करत गेलं की पायऱ्यापायऱ्यांचं झाड उभं राहतं. मागची भोकं झाकायला दुसरं दुमडलेलं कार्डशीट चिकटवायचं, पण ढकललेल्या पट्ट्यांना गोंदाचा थेंबही लागता कामा नये. लागला तर झाड जागचं हलणार नाही.

इथे एक हिशोब पक्का लक्षात ठेवावा लागतो. कार्ड मिटलं की पट्टी घडीपासून चिरेच्या दुप्पट अंतरापर्यंत पोहोचते. त्यामुळे चीर मिटलेल्या कार्डाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा लहान हवी. ए-५ कागद दुमडून केलेलं कार्ड १०५ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे सर्वांत लांब चीर ५ सेंटिमीटरच्या आत. हे चुकलं तर मिटलेल्या कार्डातून झाडाचं टोक बाहेर डोकावतं. कागद १६० ते २२० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) घ्या. त्याहून जाड कागदाच्या घड्या तडकतात, पातळ कागद लोंबतो. घडी घालण्याआधी फूटपट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घेतली तर तीही स्वच्छ बसते.

हे कार्ड काटकोनात उघडून टेबलावर उभं केलं की सर्वांत छान दिसतं. पूर्ण सपाट उघडलं की झाडही सपाट होतं. काहींना ते खटकतं, मला नाही. मिटल्यावर मात्र ते जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतं, साध्या पाकिटात निमूट बसतं.

पंख्याच्या झाडाचं नेमकं उलट आहे. हिरव्या पातळ कागदाचे आयत घ्यायचे, प्रत्येकाला एकेक सेंटिमीटरच्या उलटसुलट घड्या घालायच्या, ती गड्डी मधोमध दुमडून आतल्या दोन कडा एकमेकींना चिकटवायच्या, की छोटा पंखा तयार. मोठा पंखा खाली, लहान वर, असे चार-पाच पंखे कार्डाच्या मधल्या घडीवर टेकवून त्यांच्या बाहेरच्या कडा डाव्या-उजव्या पानाला चिकटवायच्या. कार्ड जितकं उघडाल तितकं झाड भरतं, आणि पूर्ण उघडल्यावर त्याचा घेर पाहणारा हमखास 'अरे वा' म्हणतो. तिन्हींत सर्वांत मोठा चमत्कार हाच.

त्याची किंमतही आहे. ८० जीएसएमचा साधा कागद वापरला तरी एका पंख्यात वीस-तीस पदर एकावर एक येतात. तीन-चार मिलिमीटर जाडी सहज होते आणि वर घड्यांचा ताण, म्हणून कार्ड स्वतःहून मिटलेलं राहत नाही. बाहेरून रिबीन बांधावी लागते. घड्या कमी घातल्या तर कार्ड पूर्ण उघडताना कडा ओढल्या जाऊन गोंद सुटतो. हातोहात द्यायचं असेल तर मी हेच सुचवेन. टपालासाठी नाही.

फोम टेपमध्ये यंत्रणाच नाही. झाडाचे तीन आकार कापायचे, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या तुकड्यांवर एकावर एक चढवायचे, संपलं. लहान मुलांना बरोबर घेऊन करायचं असेल तर दुसरा विचार करू नका. धारदार कटरचं काम नाही, कात्री पुरते. दोन मिलिमीटरची टेप दोनदा लागली की चार मिलिमीटरचा उठाव मिळतो. टेपचे तुकडे कडेपासून थोडे आत ठेवा, नाहीतर बाजूने पांढरा फोम दिसतो. खालचं कार्ड २५० जीएसएमच्या पुढचंच घ्या, वजनाने वाकत नाही. या कार्डावर वरून दाब आला तर कोपरे मुडपतात, त्यामुळे टपालाने पाठवताना जाड पुठ्ठा सोबत हवा. गंमत उघडण्यात नसून वरच्या पानावर आहे, हे मान्य असेल तरच ही पद्धत.

क्विलिंगचंही अनेकांच्या मनात असतं. त्यातली तीन मिलिमीटर रुंद कागदी पट्ट्यांची वेटोळी जवळून अप्रतिम दिसतात, पण वेळ अफाट खातात. एखाद-दुसऱ्या खास माणसासाठी ठीक.

संख्या हाही मुद्दा आहेच. पहिलं व्यापारी ख्रिसमस कार्ड हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये लंडनला छापून घेतलं, ते साठलेल्या पत्रांना एकेक उत्तर लिहिणं जमेना म्हणून. तुमची यादी वीस-पंचवीस नावांची असेल तर पंख्याच्या झाडाच्या नादी लागू नका, पाचव्या कार्डानंतर घड्या वाकड्या पडू लागतात. पॉप-अपचा एकच साचा पुठ्ठ्यावर आखून ठेवला की बाकी सगळी कार्डं त्यावरून उतरतात.

पद्धत कोणतीही असो, मजकूर आधी लिहून घ्या. फोमच्या कार्डात आतली दोन्ही पानं मोकळी असतात, पण पॉप-अप आणि पंखा मधली जागा खातात. चिकटवून झाल्यावर लिहायला गेलात तर झाड चेंगरतं. पेन शाईचं असेल तर ती वाळेपर्यंत थांबून मगच गोंद हातात घ्या.