प्रीफॅब घराचं 'लोन होतं' आणि 'बायबॅक मिळतो': मुळशी-पानशेतकडे पैसे कसे अडकतात

मुळशी, पानशेत, भोर या पट्ट्यात पाच-दहा गुंठ्यांवर 'महिन्याभरात तयार घर', म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर जोडलेलं प्रीफॅब घर विकणारे पुणेकरांना तीन गोष्टी तोंडी सांगतात. लोन होतं, परवानगी लागत नाही आणि पाच वर्षांनी आम्हीच 80 टक्के किमतीला परत घेऊ, म्हणजे बायबॅक. यातली एकही गोष्ट करारात नसते.

लोन होतं हे खरं, पण ते गृहकर्ज नसतं. गृहकर्जाला बँक जमीन आणि तिच्यावरची मंजूर इमारत तारण घेते. जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, मंजूर नकाशा, मालकी तपासलेला वकिलाचा सर्च रिपोर्ट मागते. बोल्टवर बसवलेला, क्रेनने उचलून नेता येणारा सांगाडा तिला सहसा तारण म्हणून चालत नाही. मग विक्रेत्याचा एजंट सॅलरी स्लिपवर वैयक्तिक कर्ज करून देतो आणि त्यालाच 'होम लोन' म्हणतो. फरक किती पडतो बघा. 12 लाख रुपये 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 12,200 येतो. तेच 14 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतले तर 27,900. शिवाय रक्कम आधीच विक्रेत्याला दिलेली असते, म्हणजे घर आलं नाही तरी हप्ता सुरूच. सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते प्रत्येक किरकोळ कर्जाला देणं बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसह वार्षिक दर दिलेला असतो.

'पक्कं बांधकाम नाही, म्हणून परवानगी नको' हे साफ खोटं आहे. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत राहण्याच्या घराला परवानगी लागते, भिंत विटांची असो की पफ पॅनेलची (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या). शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण 40 गुंठे जमीन हवी. पाच गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर ते बसणारच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात, पण तो कर आकारणीचा उतारा आहे. त्याने ना मालकी सिद्ध होते, ना परवानगी.

खरा फटका विकताना बसतो. पुढच्या गिऱ्हाइकालाही गृहकर्ज मिळत नाही, त्यामुळे रोख पैसे असलेलाच येतो आणि भाव पाडून मागतो. जमिनीला भाव येतो, सांगाड्याला नाही. उचलून दुसरीकडे नेऊ म्हटलं तर क्रेन आणि ट्रेलरचा खर्च येतो. उकललेल्या पॅनेलची स्क्रूची भोकं आणि जोड पुन्हा पाणबंद होत नाहीत. प्लिंथ (जोतं), सेप्टिक टँक, वायरिंग जागेवरच राहतं. त्यात ताम्हिणीकडचा पाऊस! पत्र्याच्या कापलेल्या कडा गंजतात, छताच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर तडकतात, बाथरूमलगतचा फ्लोअर बोर्ड फुगतो. बायबॅकचं पत्र बहुधा साध्या लेटरहेडवर असतं, 'घर सुस्थितीत असल्यास' या अटीसह. सुस्थिती कोण ठरवणार? विक्रेताच.

बुकिंगआधी सातबारा, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि कोटेशन घेऊन स्वतःच्या बँकेच्या शाखेत जा. गृहकर्ज देणार का, ते लेखी विचारा. एजंटच्या 'प्री-अप्रूव्हल'वर विसंबू नका. कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक, क्रेन, प्लिंथ धरलेत का, पॅनेलची जाडी आणि पफची घनता किती, हे लिहून घ्या. '50 टक्के ऑर्डरला, 40 टक्के माल निघण्याआधी' असा हप्ता मान्य करू नका, कारण घर जागेवर येण्याआधीच 90 टक्के गेलेले असतात. सुरुवातीला 10-15 टक्के द्या. बाकीचे प्लिंथ झाल्यावर, कारखान्यात फ्रेम बघितल्यावर आणि माल उतरल्यावर. किमान 10 टक्के छतावर पाणी सोडून गळती तपासेपर्यंत हातात ठेवा.

पैसे अडकलेच असतील तर ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षांची आहे, आणि 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात चालते. घर भाड्याने लावून दरमहा खात्रीचं उत्पन्न देतो म्हणून पैसे घेतले असतील, तर ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा 1999 चा एमपीआयडी कायदा लागू होतो का ते वकिलाला विचारा आणि आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं फोन बदलण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवा. तोंडी दिलेल्या बायबॅकचा पुरावा बऱ्याचदा तेवढाच असतो.