देवदास: सात महिने वापरून, सोळा पानं उशिरा

कथा सांगत बसत नाही. देवदास, पारो, चंद्रमुखी, दारू आणि शेवटी पारोच्या दारातलं मरण. हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. मलाही सगळं ठाऊक होतं. पुस्तक न वाचताच ठाऊक होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

घोळ असा की माझ्या प्रतीत ९६ नंतर पुन्हा ८१ येतं. ८१ ते ९६ दुसऱ्यांदा होतात आणि मग थेट ११३. म्हणजे जुळणी करणाऱ्याने एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं) दोनदा घातला आणि पुढचा विसरला. सोळा पानं गायब. पुस्तक सगळं मिळून १३६ पानांचं, त्यात सोळा म्हणजे काही चिमूटभर नाहीत. ताटातली एक पूर्ण वाटीच वाढायची राहिली म्हणा ना.

पहिल्या वाचनात मी काय केलं, तर जराशी चरफडले आणि सरळ ११३ वर गेले. गोष्ट माहीत होती ना! मधे काय असणार, तर पारो आणि चंद्रमुखीची भेट असणार. दोघी समोरासमोर येतात, एकमेकींना ओळखतात, रडतात. ते मनातल्या मनात भरून घेतलं आणि पुस्तक संपवलं. दोन रात्रींत. वर मत देऊनही मोकळी झाले: दोन तारे.

तेव्हा लिहिलेलं मत आता वाचून बघते. ‘या माणसाला मी दोन वेळचं जेवणसुद्धा वाढणार नाही.’ मी महिन्याच्या महिन्याला खर्चाची वही लिहिणारी बाई. वडिलांच्या मागे आलेली इस्टेट बाटलीत ओतणारा नायक मला आवडणं कठीणच होतं. त्यात त्याने पारोला कलकत्त्याहून लिहिलेलं ते पत्र. तुझ्यावर माझं फार प्रेम आहे असं मला कधी वाटलंच नाही, अशा अर्थाचं. मुलगी तेरा वर्षांची, रात्री एकटी त्याच्या खोलीत येऊन गेलेली, अब्रू पणाला लावून. आणि हा पत्र टपालात टाकल्यावर पस्तावतो. धावत गावी येतो तोवर तिचं लग्न ठरलेलं. नवरा बिजवर जमीनदार, त्याचा थोरला मुलगा हिच्याहून मोठा. मग तळ्याकाठी ती ताठ बोलली म्हणून हा गळाच्या काठीने तिचं कपाळ फोडतो. चंद्रालाही डाग असतो म्हणे! दोन तारे दिले तेही जास्तच झाले, असं वाटत होतं.

राग नायकाचा होता की फर्म्याचा, हे तेव्हा कळलं नाही. निघाला मात्र फर्म्यावर.

ज्यांच्याकडून पुस्तक घेतलं त्यांना फोन केला. ते म्हणाले, “वाचून झालेलं पुस्तक परत कसं घेणार?” म्हटलं, वाचून झालेलं नाही हीच तर तक्रार आहे. त्यांनी प्रकाशकाकडे बोट दाखवलं. प्रकाशकाकडच्या गृहस्थांनी पानांचे फोटो मागितले, पाठवले. बिल मागितलं, तेही पाठवलं. मी वही लिहिते, बिल असतंच. मग तीन आठवडे घोंगडं भिजत. पुन्हा फोन केला तर म्हणाले, आवृत्ती संपली, बदलून द्यायला प्रत नाही. आणि वर अगदी मायेने विचारलं, “पण ताई, गोष्ट तर कळली ना?”

कळली होती. म्हणूनच जास्त झोंबलं. अहो, देवदासची गोष्ट कळायला पुस्तक विकत घ्यावं लागतं का? मी पैसे गोष्टीचे दिले नव्हते, पानांचे दिले होते.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी अकराला फोन. घरातल्यांनी माझंच नाव देवदास ठेवलं. नाही मिळणार माहीत असून मागे लागलेली म्हणून.

या दिवसांत पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, खरं तर तक्रारीला आणखी दारूगोळा मिळावा म्हणून. छपाईच्या चुका शोधत होते. मात्र सुरुवातीलाच एका जागी अडकले, ती जागा पहिल्या वेळी नुसती ओलांडून गेले होते. लहानपणचा प्रसंग आहे. देवदासने पारोकडे तीन रुपये ठेवायला दिलेले असतात. तीन वैष्णवी, म्हणजे भजन गात भिक्षा मागणाऱ्या बायका, गाणं म्हणत येतात, ही ते तिन्ही रुपये त्यांना देऊन टाकते. देवदास म्हणतो, मी असतो तर दोनच दिले असते. मग प्रत्येकीच्या वाट्याला दहा आणे, तेरा गंडे, एक कडा, एक क्रांती आली असती. पारो विचारते, त्यांना काय तुझ्यासारखं गणित येतं?

मी पेन्सिल घेऊन बसले. रुपयाचे सोळा आणे हे आपल्याला माहीत, पण बंगाली हिशेबात आण्याचे वीस गंडे, गंड्याचे चार कडे आणि कड्याच्या तीन क्रांती. दोन रुपये म्हणजे बत्तीस आणे, भागिले तीन. दहा आणे, उरले दोन. त्यांचे चाळीस गंडे, तेरा प्रत्येकी, उरला एक. त्याचे चार कडे, एकेक प्रत्येकी, उरला एक. त्याच्या तीन क्रांती, एकेक. बरोबर! क्रांतीपर्यंत बरोबर. शाळेतून पळणाऱ्या, चिलीम ओढणाऱ्या पोराचा तोंडी हिशेब.

हा प्रसंग मला चिकटला तो सुटेना. शरदबाबूंनी, म्हणजे बंगाली लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी, ही कादंबरी अगदी तरुणपणी लिहिली आणि कितीतरी वर्षं तशीच ठेवली. पुस्तक आलं १९१७ मध्ये. एवढ्या लहान वयात त्यांना हे कसं सुचलं असेल, की ज्याला दोन रुपयांची वाटणी क्रांतीपर्यंत येते त्याला पुढे आयुष्यात एकही गोष्ट वेळेत मोजता येऊ नये? आणि जी तीनच्या तीन देऊन मोकळी होते ती पुढेही तशीच राहते. सासरी सावत्र मुलगी रुसून बसते तेव्हा पारो स्वतःचे दागिने तिच्या अंगावर घालते. विरहाबिरहाचं लोक बोलतात ते बोलोत. मला तर हे दोन हिशेबांचं पुस्तक वाटायला लागलं.

इथे मत बदललं. देवदासबद्दल नाही, पुस्तकाबद्दल. तीन तारे केले.

भाषांतराबद्दल थोडंच लिहिते. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझी प्रत त्यांची नव्हे, अलीकडची. ओघवती आहे. मात्र गंडे-कडे तसेच ठेवलेत आणि खाली एक ओळीची टीप नाही. ती सगळी शोधाशोध मला करावी लागली. पारो त्याला ‘देवदा’ म्हणते, ते तसंच ठेवलं हे छान केलं.

आता फर्मा. सहाव्या महिन्यात पाकीट आलं. मला वाटलं नवी प्रत. आत निघाला सुटा फर्मा! मोठा छापील कागद, घडी घातलेला, कडा न कापलेल्या. सोबत चिठ्ठीही नाही. चिडावं की हसावं कळेना. मग स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि एकेक कड कापत वाचायला बसले. कापल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. इतकं सावकाश मी काही वाचलेलं नाही.

भेट नव्हती.

पुन्हा चाळलं. पारो आणि चंद्रमुखी या सोळा पानांत भेटत नाहीत. पुस्तकात कुठेच भेटत नाहीत. ती भेट सिनेमावाल्यांची. १९५५ च्या बिमल रॉय यांच्या सिनेमात दोघी वाटेवर एकमेकींना नुसत्या बघतात, बोलत नाहीत. २००२ च्या भन्साळींच्या सिनेमात तर दोघी एकत्र नाचतात. सहा महिने मी ज्या पानांसाठी भांडत होते त्यांत काय आहे ते मीच ठरवून बसले होते, आणि ते साफ चुकीचं होतं. “गोष्ट तर कळली ना?” या प्रश्नाला तेव्हाच ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

मग त्या पानांत होतं काय? चंद्रमुखी होती. एकटी. धंदा सोडून, सामान विकून खेड्यात राहायला गेलेली. देवदासची खबर नाही म्हणून पायी त्याच्या गावी जाते, त्याच्या वहिनीकडून कळतं तेवढं ऐकते. मग कलकत्त्याला येते. तो अशाच वस्तीत कुठेतरी सापडेल म्हणून सोडलेला साजशृंगार पुन्हा चढवते आणि दारात उभी राहते. एका रात्री तो रस्त्याकडेला पडलेला सापडतो. ती त्याला घरी नेते, बरा करते. आणि बरा झाला की तो जातो. बस. हे सगळं मी पहिल्या वाचनात एका नाचाच्या बदल्यात देऊन बसले होते. पडद्यावर चंद्रमुखी म्हणजे कोठीवरचे दिवे. इथे ती धुळीच्या पायांची बाई आहे, त्याला शोधायला पायी घराबाहेर पडलेली.

त्या रात्री शेवट परत वाचला. तोही मला सिनेमाचाच आठवत होता: पारो धावतेय, फाटक बंद होतंय, तो बघतोय. पुस्तकात तसं नाही. तो पांडुआ स्टेशनवर उतरतो, जुना नोकर धर्मदास गाडीत झोपलेला. बैलगाडीवाला म्हणतो पारोच्या सासरच्या गावाला दोन दिवस लागतील, आणि याच्या मनात येतं, तेवढं जगेन का? इथे कुठे याला पहिल्यांदा वेळेचा हिशेब सुचतो. रात्री पिंपळाखाली उतरवतात, सकाळी तो जातो. पारोला कळतं ते सगळं झाल्यावर, सावत्र मुलाच्या तोंडून. ती धावते, पडते. शुद्धीवर आल्यावर दासीला एवढंच विचारते की रात्री आले होते ना, सगळी रात्र? फाटकाची गरजच नाही. ती रात्रभर घरात होती आणि तो रात्रभर दारात, एवढं पुरे आहे.

चार तारे. पाचवा बांधणीचा होता, तो मिळणार नाही.

आणि एक गोष्ट. दोनदा आलेल्या त्या ८१ ते ९६ मध्ये काय आहे ते सांगायचं राहिलं. पारो देवदासला म्हणते माझ्याकडे चल, मला तुझी सेवा करू दे, आणि तो मरण्यापूर्वी येईन म्हणतो. माझ्या प्रतीत तो दोनदा वचन देतो. ती जादा पानं फाडून फर्मा तिथे बसवावा असा विचार होता, पण हात झाला नाही.

बाइंडरकडे नेऊन विचारलं. त्याने सांगितलेली मजुरी पुस्तकाच्या किमतीहून जास्त निघाली. म्हणून फर्मा तसाच आत ठेवलाय. घड्या कापल्या तरी कडा छाटलेल्या नसल्याने दोन बोटं बाहेर येतो. वरून रबरबँड लावलंय, भाजीच्या जुडीचं.