चिखल सुटावा म्हणून सिलिकॉन स्प्रे: मृगापासून जानेवारीपर्यंतचा अनुभव

जूनपासून आतापर्यंत सिलिकॉन स्प्रेचे अडीच डबे संपवलेत. छोट्या ट्रॅक्टरचे मडगार्ड, ब्लोअरची (ट्रॅक्टरमागे जोडायच्या औषध फवारणी यंत्राची) चासी आणि माझी मोटरसायकल, एवढ्यावर. आधीच सांगून टाकतो: चिखल चिकटायचा काही थांबत नाही. चिकटलेला सुटतो. या दोन्हींत केवढा फरक आहे ते कळायला मला जुलै उजाडला.

मी नाशिकमध्ये सातपूरला प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात आहे, राहायला म्हसरूळला. दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षं आहेत, ती दादा बघतो. सुट्टीच्या दिवशी, नाहीतर सेकंड शिफ्ट असली की सकाळी मी मळ्यात असतो. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी होते. म्हणजे मागच्या चाकाला लपेटत जाते, मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट भरते, मग टायर त्या थरावर घासायला लागतं आणि चौथ्या ओळीत ट्रॅक्टर रडकुंडीला येतो.

स्प्रेची कल्पना भाच्याची. तो मिनेसोटात असतो. गेल्या थंडीत त्याने मित्रांबरोबर जुनी स्नोमोबाईल घेतली. एकदा व्हिडिओ कॉल केला तर हा पठ्ठ्या गाडीच्या खाली वाकून फुसफुस काहीतरी मारतोय. म्हणाला, "मामा, बर्फ धरू नये म्हणून सिलिकॉन मारतोय." मला हसूच आलं. आमच्याकडे साच्यातून पार्ट सुटेना की तेच मारतात. दोन हलके फवारे, पुढचे काही शॉट बिनबोभाट निघतात. हाच मोल्ड रिलीज.

पण त्याने जे समजावलं ते मला पटलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. स्नोमोबाईलला मागे चाकं नसतात, रबरी पट्टा असतो आणि तो बोगद्यासारख्या पत्र्याखाली फिरतो. त्या पत्र्याला टनेलच म्हणतात. लिक्विड कूल्ड गाडीत इंजिनाचं गरम कूलंट त्या टनेलमधल्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवलेलं असतं. पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यावर आपटतो, तेव्हा कुठे इंजिन थंड राहतं. कडक, घोटलेल्या वाटेवर भुसभुशीत बर्फ उडत नाही, म्हणून लोक वाट खरवडून बर्फ उडवणाऱ्या काड्या लावून घेतात. म्हणजे बर्फ उडू नये म्हणायची सोयच नाही. उडायलाच हवा. तोच गरम धातूवर वितळतो, सस्पेन्शनवर आणि पाय ठेवायच्या पट्टीवर ओघळतो आणि तिथे गोठतो. गाडी जड होते, सस्पेन्शन धड दबत नाही. ओला पट्टा रात्रीतून जमिनीला धरून बसतो, म्हणून गाडी लाकडी फळ्यांवर उभी करायची. आणि स्प्रे मारायचा तो गाडी कोरडी, स्वच्छ असताना, निघायच्या आधी. परत आल्यावर लगेच बर्फ झाडायचा, गोठायची वाट बघायची नाही.

बर्फाच्या जागी काळी माती ठेवा, आमचीच गोष्ट. फवारणी थांबवून चालत नाही, त्यामुळे चिखलात जावंच लागतं.

जूनमध्ये मी चूक केली ती ही, की चिखल ढोबळमानाने काढून, ओलसर पत्र्यावरच स्प्रे मारला. दोन फेऱ्यांत पहिल्यासारखंच. दादा म्हणाला, "चारशे रुपयांची हवा मारलीस." खरंच होतं. साच्यावर मी असलं काम कधी केलं नसतं. तिथे आधी साचा पुसतो. मग एका रविवारी दोन्ही मडगार्ड आतून तारेच्या ब्रशने घासले, धुतले, उन्हात वाळवले. डाव्याला स्प्रे मारून फडक्याने पातळ पसरवला आणि अर्धा तास तसाच ठेवला. उजवं कोरडं सोडलं. दुसऱ्या दिवशी दादाने सहाशे लिटरचा ब्लोअर लावून दीड एकर फवारलं आणि ट्रॅक्टर माझ्यासाठी तसाच उभा केला.

डाव्या मडगार्डवर मुठीने दोन ठोसे मारले. आतून ढप्प असा आवाज आला आणि मडगार्डच्या आकाराची, वाकलेली, आतून चकचकीत अशी अख्खी लादी खाली पडली. उजवीकडे खुरपं घेऊन पाऊण तास खरवडत बसलो. क्रेट मोजायचा काटा शेजारीच होता म्हणून दोन्हीकडची माती तोलली. डावीकडची साडेसहा किलो, उजवीकडची सव्वासात. म्हणजे माती जवळजवळ तेवढीच धरली होती, पकड तेवढी गेली होती. दादाने काही न बोलता डबा उचलून उजवीकडे मारायला घेतला.

त्यानंतरचा हिशेब असा बसलाय. गुळगुळीत रंगावर तीन फवारण्या टिकतो, गंजक्या पत्र्यावर जेमतेम एक. मोटरसायकलच्या प्लास्टिक मडगार्डवर सगळ्यात चांगला, रोज ये-जा करूनही आठवडाभर जातो. टायरला मारायचा नाही, चालायला लागलं की घासून जातो. पाऊस सुरू असताना माती नुसती वाहत असते, तेव्हा स्प्रे असो-नसो फरक कळत नाही. खरा उपयोग पाऊस उघडल्यावर, वापसा यायच्या, म्हणजे जमीन कामाजोगी सुकायच्या, आधीच्या दोन दिवसांत, माती सगळ्यात चिवट असते तेव्हा. आणि आमच्यावर नेमकी तीच वेळ येते. यंदा गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर पोंगा अवस्थेतच, म्हणजे डोळे फुटत असतानाच, पाऊस झाला. डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने वापशाची वाट न बघता ट्रॅक्टर आत घालावा लागला, त्या आठवड्यात पहिल्या डब्याचे पैसे वसूल झाले.

आता तोटे. पहिला माझ्या अंगावर शेकलेला. मोटरसायकलचं पुढचं चाक न काढता मडगार्डला आतून स्प्रे मारला. डिस्क शेजारीच, तिच्यावर तुषार गेले ते लक्षातच आलं नाही. म्हसरूळच्या गर्दीत पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर नेहमीसारखा, पण गाडी आपली निघालीच. मागचा ब्रेक आणि दोन्ही पाय टेकवून रिक्षाच्या मागे वीतभर अंतरावर थांबलो. रिक्षावाल्याने वळून बघितलं, ते बघणंच पुरेसं होतं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली, पॅड मात्र बदलावेच लागले. पॅडने एकदा तेल प्यायलं की ते घासून जात नाही. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, आम्ही पण ब्रेकची डिस्क आणि क्लचचा बेल्ट झाकूनच मारतो. हे आधी सांगितलं असतंस तर, बाबा! ट्रॅक्टरच्या पायपट्टीवर आणि क्लच-ब्रेकच्या पेडलवरही एक थेंब नको, ओल्या गमबुटाने पाय सरकतो.

दुसरा तोटा रंगाचा. ज्या पत्र्याला पुढे रंग द्यायचाय त्याला सिलिकॉन लावू नका. नीट धुतलं नाही तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. ज्या पार्टला पुढे रंग लागणार असतो त्याच्या साच्याजवळ आमच्या कारखान्यात सिलिकॉनचा डबा आणूच देत नाहीत, ते याचसाठी. रंग द्यायचाच असेल तर आधी द्या, तो पक्का वाळू द्या आणि मग स्प्रे.

आणि एक गैरसमज. गल्लीतल्या तिघांनी तरी विचारलं, "औषधात टाकतो तेच ना हे?" नाही. फवारणीत घालतो तो सिलिकॉन स्प्रेडर पाणी पानावर पसरवतो. हा स्प्रे पाण्याला धरू देत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळतो. नावात सिलिकॉन आहे म्हणून ब्लोअरच्या टाकीत मारायला जाऊ नका. आम्ही टाकी आणि नोझलपासून डबा लांबच ठेवतो.

याआधी दादाचा उपाय होता जळकं ऑईल आणि डिझेल. चिखल त्यानेही सुटतो, नाही म्हणत नाही. पण धूळ धरते, रबर खराब होतं, हात-कपडे बरबटतात आणि ते ठिबकतं ते वेलीच्या बुडाशी. फुकट असतं, एवढंच त्याचं कौतुक.

ऑक्टोबरअखेर एक प्रयोग केला आणि आता खरी मदार त्याच्यावर आहे. स्नोमोबाईलच्या स्कीचा तळ आणि पट्टा ज्यावरून सरकतो त्या पट्ट्या पॉलिथिलिनच्या असतात, हे भाच्याकडून कळलं होतं. भंगारवाल्याकडून तीन मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा, म्हणजे कडक पॉलिथिलिनचा, तुकडा आणला, हीट गनने वाकवून मडगार्डच्या आतून रिव्हेट मारले. रिव्हेटचं डोकं आत उभं राहिलं तर माती तिथेच धरते, म्हणून चपटे वापरले. शीटवर बिनस्प्रेचाही चिखल बऱ्यापैकी सुटतो. वर स्प्रे मारला तर ब्लोअर जोडलेला असताना खड्ड्यातल्या हिसक्यानेच अर्धी लादी गळून पडते. कडा मात्र नीट बसवाव्या लागतात, नाहीतर शीट आणि पत्रा यांच्यात पाणी साचून आतून गंज चढतो. उजवीकडची कड मी घाईत सोडली होती, ती परवा उघडून पाहिली तर पत्रा तांबूस झालाय.

सध्या चिखल नाही, माल काढणीला आलाय. तिसरा डबा अर्धा उरलाय, तो विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगलाय. दादाने परवा त्यातला थोडा खोलीच्या गंजक्या कुलपात मारला. आता कुलूप उघडतं, पण चावी ओली असली की बोटांतून निसटते आणि मग अंधारात मोबाईलच्या उजेडात ती शोधत बसावं लागतं.